कॅमेरा तापलाय

नवरीचा घाम थांबला तेव्हा फोटोवाला अजीम जाम खूश झाला. सकाळपासून नुसता वैताग होता ना, सृष्टीचं कपाळ पुसलं की नाक चमकायचं, नाक पुसलं की हनुवटी, आणि ऊन तर असलं की स्टेजवरच्या स्टीलच्या ताटाला बोट लागलं तरी फोड यावा. आणि आता लेन्समधून बघतो तर चेहरा एकदम कोरडा. चमक म्हणून नाही.

"एक नंबर, राणी! बसला की शेवटी तुझा मेकप!"

मेकपवाली राणी हसली नाही. हातातला टिश्यूचा बोळा तसाच धरून ती स्टेजच्या पायऱ्या उतरून त्याच्यापाशी आली. "अजीमदा, म्या पुसला न्हाई. आपसूक थांबलाय. गालाला हात लावला तर तव्यागत लागतंय."

"पाणी प्यालीया का ती?"

"कशाची पितीया! नऊवारीत बाथरूमला जायचं म्हंजे चार बायका लागत्यात, म्हणून सकाळधरनं घोट न्हाई. आन मगाशी मला म्हणती, राणीताई, शाल हाय का, गारठा लागतोय."

गारठा. म्हसवडच्या माळावर, मे महिन्यात, भर दुपारी.

अजीमनं वर बघितलं. नवरीच्या डोक्यावर मांडवाचं कापडच नव्हतं, नुसतं पांढरंफेक आभाळ. कापड त्यानंच सोडायला लावलं होतं. मागच्या डोंगरावरच्या पवनचक्क्या आणि नवरानवरी एकाच ड्रोनच्या शॉटमध्ये पाहिजेत, अशी नवऱ्याकडच्यांची हौस. अजीम म्हणाला, मग वरचं काढा, शॉट झाला की लगेच बांधू. तेवढ्यात नवरदेवाचा परण्या वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला गेला, आणि तिथून मांडवापर्यंत पोरं डीजेपुढं नाचत राहिली ती राहिलीच. कापड तसंच खाली पडलेलं. नवरी तशीच वर उभी. आणि वारा असा पडलेला की पवनचक्कीचं एक पातं हलत नव्हतं.

तो पळतच सृष्टीच्या वडलांकडं गेला. दादासो फेटा सावरत पाव्हण्यांना पुढं बसवत होते.

"दादा, पोरीला ऊन लागलंय. लय वाईट असतंय हे, जीवावर बेततंय. आत न्या तिला, अंगावर पाणी घाला."

"आरं, उपाशी हाय म्हणून कोमेजलीया."

"उपाशी न्हवं दादा, घाम थांबलाय तिचा."

"हळू बोल की!" दादासोंनी नवऱ्याच्या बापाकडं चोरून बघितलं. "ऐन येळंला आत न्हेली तर काय म्हणत्याल? पोरगी आजारी हाय, फिट येतीया, आमच्यापास्नं दडवलं, म्हणत्याल. तांदूळ पडू दे. मग बघू."

"काय झालं, दादासो?" नवऱ्याचे वडील, आप्पासो, लांबूनच ओरडले.

"काय न्हाई, काय न्हाई!" दादासो हसले.

नवरदेव एकदाचा स्टेजवर चढला, अंतरपाट धरला. भटजींनी माईकवर फुंकर मारली. अजीमला काहीच सुचेना, आणि मग एकदम सुचलं. दोन्ही हात वर करून तो जीव खाऊन ओरडला, "थांबा! कॅमेरा तापलाय! बंद पडलाय!"

आणि काय, सगळं थांबलं! भटजी थांबले, डीजे थांबला, आप्पासो तर खुर्चीतनं उठूनच उभे. "आरं बघताय काय! बर्फ आणा! शूटिंगबिगर तांदूळ पडायचं न्हाईत!" कुणी सरबताच्या पिंपातला बर्फ आणला, कुणी ओला पंचा, एका म्हातारीनं आपली छत्री कॅमेऱ्यावर धरली. नवरदेवाचे दोस्त घामानं निथळत बादल्या घेऊन पळायला लागले.

अजीमनं बर्फाची पिशवी उचलली आणि स्टेजकडं वळला. "ह्यो जरा नवरीला..."

"आवं फोटोवाले, कॅमेऱ्याला आणलाय त्यो!" आप्पासोंनी त्याचा दंड धरला. मग त्यांची नजर स्टेजवरच्या कूलरवर गेली. एकच कूलर, नवरीच्या बाजूला. "त्यो फिरवा रं हिकडं!"

दोघांनी कूलर उचलला आणि कॅमेऱ्याकडं तोंड करून ठेवला. सृष्टीच्या कपाळावरची बट हलत होती, ती पडली.

"न्हाई, न्हाई, आप्पा!" अजीम ओरडला. "तिकडंच ऱ्हावू द्या! कॅमेऱ्याला काय बी झालं न्हाई, चालू हाय त्यो. नवरीला..."

"चालू हाय?" अंतरपाटाच्या अलीकडनं नवरदेव दिग्विजय ओरडला. "मग घ्या की भटजी!"

"फोटोवाल्यालाच ऊन लागलं गड्या!" मागनं कुणीतरी म्हणालं, आणि अख्खा मांडव हसला. पुढचं अजीमचं बोलणं त्या हसण्यात आणि मंगलाष्टकांत गेलं.

राणी पाण्याची बाटली घेऊन पायरी चढायला गेली, तर नवरीच्या पाठीशी उभ्या मामानं डोळे वटारून तिला खाली पिटाळलं. अंतरपाट धरल्यावर कुठलं पाणी! अजीमनं कॅमेरा डोळ्याला लावला. लेन्समध्ये सृष्टी हसत होती. अंतरपाटाकडं बघून नाही, त्याच्याकडं बघूनही नाही. कडेला, जिथं कुणीच उभं नव्हतं, तिकडं.

शेवटचं मंगलाष्टक संपलं आणि चारी बाजूंनी तांदूळ उडाले. दिग्विजयच्या कपाळाला चिकटले, मामाच्या गळ्याला, भटजींच्या टकलाला, घामेजल्या सगळ्यांच्या अंगावर पिवळे दाणेच दाणे. सृष्टीच्या तोंडावर तर मुठीच्या मुठी पडत होत्या.

एकही दाणा चिकटत नव्हता.