नाला बुजवायचे पैसे

प्रशिक बिल्डरांसाठी अजून न बांधलेल्या इमारतींची चित्रं कॉम्प्युटरवर काढून देतो, अशी हुबेहूब की बघणाऱ्याला फोटोच वाटावा. उमरेड रोडला स्कीम टाकणाऱ्या मनोहररावांनी त्याचं बिल पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

“काहून गा, एका चित्राचे एवढे?”

“बिल्डिंगचे थोडेच लावले साहेब. मागचा नाला बुजवाले, वरच्या हायटेन्शनच्या तारा काढाले आन् भंगारवाल्याच्या जागी बगीचा लावाले मेहनत लागते. जेवढं झाकाचं, तेवढं बिल वाढते.”

मनोहररावांनी मनातल्या मनात खरा नाला बुजवायचा खर्च काढला आणि मुकाट्यानं पैसे दिले.

पुढं दिवाळीत प्रशिक स्वतःसाठी फ्लॅट बघायला बायकोला, प्रीतीला घेऊन हिंगणा रोडवरच्या एका बिल्डरकडे गेला. ऑफिसच्या भिंतीभर चित्र लावलेलं होतं. इमारतीसमोर निळंशार तळं, तळ्यात बदकं, वर मोकळं आभाळ. काम दुसऱ्या कुणाच्या तरी हातचं होतं, पण होतं मोठं सफाईचं. प्रीती तर बदकांवरच भाळली.

“बाल्कनीतून दिसन ना हे तळं?”

“दिसन ना मॅडम,” सेल्समन खुलला. “सर, तुम्हीपण विचारा. पार्किंग, लोन, पझेशन, जे पाहिजे ते विचारा.”

प्रशिकची नजर चित्रावरून हलली नव्हती.



“बाकी राहू द्या. हे चित्र केवढ्याले पडलं, तेवढं सांगा.”