तळापर्यंत

पैज लागली जिन्यात, आणि लागली ती थेट मिशीवर.

फिटरनं भंगारातून कॉफीचं मशीन आणून स्वतः दुरुस्त केलं, त्याला महिना होऊन गेला होता. रोज सकाळी तो बायकोसाठी कॅपुचिनो करायचा. ती दोन घोट घ्यायची, "ठीक आहे" म्हणायची आणि त्याची पाठ वळली की उरलेली सिंकमध्ये ओतायची. सिंकमधला तपकिरी डाग बघून फिटर आधी मशीनला शिव्या घालायचा, मग दुधाला, मग नळाच्या पाण्याला. बायकोला कधी नाही.

समोरच्या दारातले पोस्टमास्तर हे सगळं घरबसल्या ऐकत होते. रिटायर माणूस, दुसरा उद्योग काय? शनिवारी त्यांनी फिटरला जिन्यात गाठलं आणि म्हणाले, वहिनी ज्या दिवशी तुझा कप तळापर्यंत पितील, त्या दिवशी मी मिशी उतरवीन. फिटर पेटलाच. उद्याच बघा म्हणाला, आणि नाही प्यायली तर माझी उतरवा, गेटवर, सगळ्यांसमोर. अट एकच ठरली. वहिनींना पैजेचा वाससुद्धा लागू द्यायचा नाही.

मिशीचं काय, ती पुन्हा येते. फिटरला तो रिकामा कप बघायचा होता.

रविवारी सकाळी पोस्टमास्तर पक्कड मागायला आले, आणि पक्कड हातात पडल्यावरही स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसूनच राहिले.

फिटरनं बिया दळल्या, पूड चाळणीत दाबली, दांडा फिरवून घट्ट बसवला. खाली धार उतरली ती उंदराच्या शेपटीएवढी बारीक. मग वाफेची नळी दुधात. आजवर तो वरच्यावरच चिरचिर करत बसायचा आणि कपडे भिजवल्यासारखा फेस काढायचा. आज जरा फेस धरला न धरला तोच नळी खोल घातली. चिरचिर थांबली, दूध आतल्या आत घुमायला लागलं. भांड्याला लावलेला तळवा पोळला तसं त्यानं बंद केलं. भांडं ओट्यावर आपटलं, गोल गोल फिरवलं. दूध ऑइलपेंटसारखं चकाकलं.

वर पान काढायला गेला, झालं वांगं. असू दे.

बायको ओले केस पुसत आली, खुर्ची ओढून बसली. एक घोट घेतला. दुसरा घेतला. तिसऱ्याला पोस्टमास्तरांचा हात आपोआप मिशीवर गेला. चौथ्याला तिनं चक्क डोळे मिटले. फिटर हातातलं फडकं पिळत उभा, कोरडंच.

कप अर्धा झाला आणि तिनं तो खाली ठेवला.

पोस्टमास्तर खाकरले.

"काय कमी पडलं?" फिटरनं विचारलं.

"कमी कुठं? तुम्ही स्वतःला केलीच नाहीत." तिनं कप त्याच्यापुढं सरकवला. "इतकी छान झालीय, एकटीच कशी पिऊ? घ्या, गार होईल."

मला नको, तूच संपव, एवढं म्हणायचा अवकाश होता. अट मोडली नसती, मिशी वाचली असती, आणि पोस्टमास्तरांना तोंड लपवायला जागा उरली नसती. पोस्टमास्तरांनाही ते कळलं. पक्कड मुठीत आवळून ते बघत राहिले.

फिटर तिच्यासमोर बसला. कप उचलला आणि सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

गेटवर खुर्ची मांडली तोवर अख्खी बिल्डिंग खाली आली होती. दूधवाला सायकल स्टँडला लावून थांबला. वॉचमननं आरसा धरला. कुणी म्हणालं फोटो काढा, कुणी म्हणालं श्रद्धांजली लिहा. पोस्टमास्तरांनी टॉवेल झटकून फिटरच्या गळ्यात बांधला आणि कसा हरलास ते सांग सगळ्यांना, म्हणून खूप डिवचलं. फिटरनं नुसती हनुवटी पुढं केली. वरून बायको विचारत होती, हे काय खूळ काढलंय सकाळी सकाळी.

पोस्टमास्तरांनी साबण लावला. वस्तरा टेकवला आणि उचलला. पुन्हा टेकवला, पुन्हा उचलला.

"फिटर," ते खाली वाकून हळूच म्हणाले, "हसायचं थांबव बाबा. ओठ कापेल."