तळाचं पाणी

साहेबांनी तिसऱ्या खेपेलाही पोहरा नुसता पाण्याला टेकवला आणि वरवरचं पाणी बाटलीत भरलं. आमच्या माळावर कारखान्यांचा रासायनिक कचरा पुरलाय. आसपासच्या विहिरी तपासायला ते सरकारकडून येतात.

"काकू, तेलकट काही असतं तर वर तरंगलं असतं. पाणी चांगलं आहे."

"थांबा," मी म्हटलं.

गेल्या महिन्यात विहिरीत पडलेली कळशी मी गळ टाकून काढली होती. दोराचं फक्त खालचं टोक रंगाच्या डब्यासारखा वास मारत होतं. तीनदा धुतलं तरी वास जाईना. तेव्हापासून मी साहेबांचीच वाट बघत होते.

काचेची बाटली दगड बांधून तयार ठेवली होती, बुचाला वेगळी दोरी. ती विहिरीत सोडली. तळाला टेकली तसं मी बूच ओढलं, बुडबुडे थांबेपर्यंत उभी राहिले आणि बाटली वर घेतली. पाण्याखाली दोन बोटं तांबूस थर बसला होता. हलवला तरी पुन्हा खालीच जात होता.

साहेबांनी वास घेतला आणि पटकन नाकाला रुमाल लावला. मग माळाकडे बघत म्हणाले, "पण मधे सगळा काळा कातळ आहे, काकू. त्यातून हे येईल कसं?"

"ही विहीर माझ्या सासऱ्यांनी त्याच कातळात सुरुंग लावून खणली. ज्या भेगांतून आम्हाला पाणी येतं, त्याच भेगांतून." मी बाटली त्यांच्या हातात दिली. "लिहा."