आले-गेले

"या बारा बायका आहेत की बारा पुरुष?" शालनच्या आराखड्यावर बोट ठेवून यशोवर्धन सरांनी विचारलं.

"बायका, सर. निपाणीच्या. विड्या वळणाऱ्या."

"मग झाडून साऱ्या 'मी गेलो', 'मी जेवलो', 'मी सांगितलो' असं कशा बोलतात? मराठीत बाई 'गेले' म्हणते. हे तिसरीतल्या मुलालाही ठाऊक असतं."

मल्लेश्वरममधल्या एका संस्थेत ही मुलाखत चालली होती. दोन-तीन भाषा अंगावर घेऊन वाढलेल्या संशोधकांना तीन वर्षं फेलोशिप द्यायची आणि भाषा, साहित्य, समाजशास्त्र यांची सांगड घालून घ्यायची, असा थोर हेतू होता. परीक्षक दोघेच. यशोवर्धन सर खास पुण्याहून विमानाने आलेले. व्याकरणात त्यांचा दरारा असा की समोरचा माणूस बोलण्याआधी क्रियापद तपासून घेई. हेमावती मॅडम इथल्याच, चार पिढ्या बेंगळुरात मुरलेल्या मराठी घरातल्या. पण मराठीचा नमुना असला की शब्द सरांचा चालायचा.

शालनची ही तिसरी खेप. पहिल्या नकाराला ती रडली होती, दुसऱ्याला चिडली होती. आता आत काही हलतच नव्हतं. फेलोशिप मिळाली नाही तर पीएचडी सोडायची आणि सोमवारपासून व्हाइटफील्डच्या कंपनीत रुजू व्हायचं, हे ठरून गेलं होतं. कॅब किती वाजता येईल तेही कंपनीने कळवलं होतं. आपल्याला वाईट वाटायला हवं, असं तिला वाटत होतं. तेवढंच वाटत होतं.

"आमच्याकडे बायका असंच बोलतात, सर," ती म्हणाली. "तळटीप द्यायची राहून गेली." जन्मापासून कानावर पडलेल्या बोलण्याला तळटीप लागते, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"रेकॉर्डिंग ऐकवा."

"रेकॉर्डिंग नाही. मुकादमाच्या कानावर जाईल म्हणून बायकांनी नको म्हटलं. मी हाताने लिहून घेतलं."

"हाताने. आणि तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"निपाणीचीच. त्याच गल्लीतली."

"बरं. आज इथे कशा पोचलात?"

"येलहंक्याहून बसने आले, सर."

सर खुर्चीत मागे रेलले. "'आले' म्हणालात तुम्ही. त्याच गल्लीतल्या ना?"

पुण्यात एम.ए.ला असताना वसतिगृहातल्या मुलींनी शालनच्या 'गेलो'ची महिनाभर टर उडवली होती. तेव्हा तिने जीभ अशी घोटून घेतली की झोपेतसुद्धा 'गेलो' निघू नये. त्या मेहनतीचं तिला अजून कौतुक होतं. आज तीच मेहनत तिच्या मुळावर उठली होती.

"स्वल्प थांबा, सर," हेमावती मॅडम आपल्या कानडी मिसळलेल्या मराठीत म्हणाल्या. मग शालनकडे वळल्या. "घरी आई आहे न्हवं? फोन लाव तिला. स्पीकरवर घाल. आम्ही बसलोय म्हणून सांगू नको मात्र. सरी?"

शालनने फोन लावला आणि टेबलावर ठेवला. तिसऱ्या रिंगला आईने उचलला.

"काय करत होतीस, आई?"

"काही नाही गं. विड्या वळत बसले होते. आत्ताच उठले." तांदूळ निवडावेत तसा आईने एकेक शब्द निवडून टाकला.

सरांनी पेनाचं टोपण काढलं. शालनच्या नावापुढे त्यांनी लिहिलं, 'नमुना विश्वसनीय नाही.' शालनला ते उलट्या बाजूनेही नीट वाचता आलं. संपलं, तिने मनाशी म्हटलं, आणि फोन ठेवण्यासाठी हात पुढे केला.

"शालन," आईचा आवाज एकदम खाली आला. "कोन हाय का गं तुझ्याजवळ?"

"का गं?"

"न्हाई, कोन नसंल तर आपलं बोलतो. पाच वर्सं झाली, तुझा फोन आला की आदी ते आले-गेले तोंडात घोळवून घेतो, मग उचलतो. तूच म्हनालीस न्हवं, मैत्रिनी ऐकत्यात, हसत्यात म्हनून? आज लई थकलोय बग. म्हनून इचारलो."

सरांनी आपण लिहिलेलं वाक्य एका रेघेत खोडलं, खाली 'शिफारस' असं लिहून सही केली आणि कागद मॅडमकडे सरकवला. मॅडमनीही सही केली. शालनकडे पाहून त्यांनी मान डोलावली, आणि आता फोन बंद केलास तरी चालेल, अशी हाताने खूण केली.

तीन वर्षांची सोय झाली होती. सोमवारची कॅब टळली होती. शालनला आनंद झाला नाही. तिला फक्त आईची लाज वाटलेले ते दिवस आठवले, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच आत काहीतरी हललं.

तिने फोन बंद केला नाही. समोरची दोघं अजून ऐकत होती.

"कोन न्हाई गं, आई," ती म्हणाली. "एकटीच बसलोय मी."