धुक्यातून आलेला कोल्हा

धुकं इतकं दाट होतं की घोड्या दिसत नव्हत्या, नुसती त्यांच्या अंगाची ऊब जाणवत होती. बूरुल चाचपडत लाल घोडीपाशी पोचली, एक गुडघा टेकला, बादली मांडीवर घेतली. धारा काढता काढता सहज मान वळवली, तर हातभर अंतरावर कोल्हा बसला होता.

कुरणावरची सगळी कुत्री त्या सकाळी शेजारच्या तंबूपाशी बांधलेली होती. जनावरांचा डॉक्टर कुबात त्यांना लस टोचायला वर आला होता. तिकडून कुत्र्यांचं केकाटणं आणि तिच्या नवऱ्याच्या, सागिनच्या शिव्या ऐकू येत होत्या, पण कुठल्या तरी दुसऱ्या डोंगरावरून आल्यासारख्या. इथे मात्र सगळं शांत होतं. कोल्हा दवानं भिजलेला होता आणि तिच्याकडे बघत होता.

तिनं हात पुढे केला. जन्म या डोंगरात गेला, पण रानातलं कुणी असं आपणहून जवळ आलं नव्हतं. कोल्हा डुलत डुलत पुढे आला आणि त्यानं तिच्या तळव्यावर हनुवटी टेकवली. जड आणि गरम. बूरुलनं श्वास रोखून धरला. मग एकदम काहीतरी आठवल्यासारखं त्यानं तिच्या अंगठ्याखाली दात रुतवले, सोडले, आणि तिरक्या चालीनं सावकाश धुक्यात निघून गेला.

फारसं दुखलं नाही. रक्ताचे चार थेंब तिनं डोक्याच्या रुमालाला पुसले आणि बाही खाली ओढली. कुणाला सांगायचं नाही, तिनं ठरवलं. सांगितलं की सागिन ते चारचौघांत बसून रंगवून सांगणार, सगळे हसणार, आणि मग ते तिचं राहणार नाही. दूध गाळताना, चूल पेटवताना, तिच्या तळव्यावर ते छोटंसं ओझं तसंच होतं.

दुपारी पुरुषमंडळी तंबूत आली. छताच्या झरोक्यातून उन्हाचा गोल सतरंजीवर पडला होता. बूरुलनं घोडीच्या आंबट दुधाचे वाडगे भरून पुढे केले.

“एजे, डावखुऱ्या कधीपासून झालात?” कुबातनं विचारलं. तो तिला थोरल्या बहिणीसारखं एजेच म्हणायचा.

“दोर घासला घोडीचा.”

“घोड्यासुद्धा हिचं ऐकेनाशा झाल्यात,” सागिन हसला.

कुबात हसला नाही. “खालच्या खोऱ्यात एक कोल्हा भरदुपारी मेंढवाड्यात शिरला होता. अगदी गरीब. मेंढपाळानं पाठीवरून हात फिरवला, तर बोटाला जरासा दात लागला. त्यानं कुणाला सांगितलंच नाही.”

“मग?” बूरुलनं विचारलं.

“मग काय. काही दिवसांनी पाण्याचा पेला बघितला तरी त्याचा गळा आवळायला लागला. तिथून पुढे कुणाच्याच हातात काही नसतं.”

बूरुल उन्हाच्या गोलाकडे बघत राहिली. “एखादं जनावर नुसतं मायेनं नाही का येऊ शकत जवळ?”

कुबातनं वाडगा खाली ठेवला. “येतही असेल, एजे. पण ते ठरवेपर्यंत थांबता येत नाही. हात दाखवा.”

तिनं बाही वर केली. सागिन धडपडत उठला. “थांब, राख आणतो. लोणी आणतो.”

“काही लावायचं नाही,” कुबात म्हणाला. “राख नाही, लोणी नाही, पट्टी आवळायची नाही. साबण आणा.”

ओढ्याच्या धारेखाली त्यानं तिचा हात धरला आणि तो बधिर होईपर्यंत, त्यानंतरही कितीतरी वेळ, धुवायला लावला. फेस दगडांवरून वाहत गेला. त्याच्याबरोबर तळव्यावरची ती ऊबही गेली, तेव्हा बूरुलला कुबातचा राग आला.

सागिन बंदूक घेऊन आला होता. “लाल आहे ना गं तो? सापडला तर टोपी होईल माझी.” बोलताना त्यानं बंदूक दोनदा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

“टोपी राहील, सागिनदादा, डोकं राहणार नाही,” कुबात म्हणाला. “सोलायचा नाही. उघड्या हातानं शिवायचाही नाही. मी परत येईपर्यंत दगडांनी झाकून ठेवा, तपासायला पाठवावा लागेल.”

सागिननं बायकोचा गारठलेला हात आपल्या कोटात घेतला. “म्हातारे, सकाळीच का नाही बोललीस?”

“बोलले असते तर तू टोपी मागितली असतीस.”

कुबातची जीप बूरुलला घेऊन उतरणीला लागली. अर्ध्या वाटेवर वळण आलं आणि खालचं गाव दिसायला लागलं. तेवढ्यात वरून बंदुकीचा आवाज आला, एकच. कड्याकड्यांवरून तो बराच वेळ फिरत राहिला. कुबातनं तिच्याकडे बघितलं नाही. बूरुल मांडीवरच्या हाताकडे बघत होती.

गावच्या दवाखान्यात नर्सनं जखमेभोवती सुया टोचल्या, मग दंडात. ओढ्यावर आलं नव्हतं तेवढं पाणी तिथे तिच्या डोळ्यांना आलं. नर्सनं पुढच्या तारखा समजावल्या. एकही चुकवायची नाही म्हणाली. बूरुलनं चुकवली नाही. दर वेळी सागिन तिला घोड्यावर पुढ्यात बसवून खाली आणायचा आणि वाटभर टोपीचा विषय काढायचा नाही.

शेवटची सुई झाली तेव्हा कुरणावरचं गवत पिवळं पडायला लागलं होतं. नर्सनं कापूस दाबून धरला.

“सुटलात बघा, एजे. त्या कोल्ह्याचा निकाल आलाय. पिसाळलेलाच होता. आता विसरून जा सगळं.”

बूरुलनं बाही खाली ओढली.

“आजारी होता बिचारा,” ती म्हणाली. “चावायला नव्हता आला.”