खातेदारांना फोन द्या

“ऐकून फार वाईट वाटलं, सर,” कंपनीतली मुलगी म्हणाली. “आता जरा खातेदारांना फोन देता का?”

धाकट्यानं फोन कानापासून दूर धरला आणि त्याच्याकडे बघत राहिला. वडील गेले, त्यांच्या नावावरचं इंटरनेट बंद करा, एवढंच त्याचं मागणं. आत्ताच तर त्यानं ते या मुलीला सांगितलं होतं. आदल्या दिवशी दुसऱ्या कुणाला सांगितलं होतं, पण तिथं एकाला सांगितलेलं दुसऱ्याला कळत नसे. मृत्यूचा दाखला पाठवला, तर उत्तर आलं की अर्जावर खातेदारांची सही नाही. कनेक्शन घ्यायचं म्हटलं की यांचा माणूस तासाभरात दारात हजर, आणि सोडायचं म्हटलं की मेलेल्यालाही सुटका नाही.

इंटरनेट चालू राहिलं म्हणून काही आभाळ कोसळत नव्हतं. पण आईचं घोडं नेमकं तिथंच अडलं होतं. तिला कायमचं आपल्याकडे न्यायला धाकटा आला होता. त्याची रजा संपत आली होती, आणि तिला या घरात एकटीला सोडून जाणं त्याच्या जिवावर आलं होतं. आईला सरळ नाही म्हणायची सवय नव्हती. आधी गॅसचं राहिलंय म्हणाली, मग पेपरवाल्याचं. एकेक करत सगळं मिटलं आणि उरलं ते इंटरनेट. “ते चालू ठेवून घर सोडून कसं यायचं?” असं म्हणून ती राउटरवरची धूळ पुसायला लागायची. स्वतः तिनं ते कधी वापरलं नव्हतं. वडील त्यावर कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांशी बुद्धिबळ खेळायचे आणि हरले की तिच्यापाशी येऊन कुरकुरायचे, एवढाच तिचा आणि इंटरनेटचा संबंध. आईनं आणि कंपनीनं आपसांत संगनमत केलंय की काय, अशी धाकट्याला शंका यायला लागली होती.

ती रडलीही नव्हती. वडील बसल्या जागी गेले, तेव्हा ती शिंप्याकडे गेली होती. परत येऊन बघते तर सगळं आटोपलेलं. नंतर आल्यागेल्यांचं तिनं व्यवस्थित केलं, कागदपत्रं शोधून दिली. फक्त एकदा, चादरीची घडी घालता घालता, ती धाकट्याला म्हणाली होती, “इतकी वर्षं बरोबर काढली. जाताना एक शब्द बोलावा की नाही माणसानं?” त्यानं चादरीचं दुसरं टोक धरलं.

आता मात्र त्याची सहनशक्ती संपली. त्यानं फोन ठेवला, पाणी प्यायला आणि पुन्हा नंबर लावला. या वेळी दुसरी मुलगी आली. खातेदारच बोलताहेत ना, असं तिनं विचारलं. धाकट्यानं घसा खाकरला.

“हं, मीच बोलतोय. सावकाश विचारा, काय विचारायचंय ते.”

वडिलांनी उभा जन्म लोकांना गाडी चालवायला शिकवण्यात घालवला होता. समोरचा घाबरू नये म्हणून आवाज खाली ठेवून, एकेक शब्द सुटा करून बोलायची त्यांना सवय. धाकटा लहानपणी त्यांची नक्कल करायचा, तेव्हा सगळ्यात जास्त हसायचे ते वडीलच. तो आवाज इतक्या वर्षांनी त्याच्या घशातून अलगद बाहेर आला आणि त्याचं त्यालाच कसंतरी झालं.

बिलावरचा नंबर वाचून दाखवायचा होता म्हणून त्यानं फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. तेवढ्यात स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. आई ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. धाकटा शरमला. फोन बंद करायला त्यानं हात पुढे केला, तर तिनं मान हलवली. चालू दे, अशी खूण केली.

पलीकडची मुलगी गोडबोली होती. निम्म्या दरात देते म्हणाली. नको म्हटल्यावर काही महिने फुकट देते म्हणाली. तेही नको म्हटल्यावर तिचा आवाज पडला. “इतकी वर्षं आमच्याबरोबर आहात सर. आमचं काही चुकलं का?”

“छे छे, तक्रार कसलीच नाही,” धाकटा वडिलांच्या आवाजात म्हणाला. “फार छान गेलं सगळं. पण आता मला थांबता यायचं नाही.”

एवढं बोलायचं त्यानं ठरवलं नव्हतं. आईनं दाराची चौकट धरली.

मग मुलीनं तिचा ठेवणीतला प्रश्न काढला. जाणारी माणसं बहुतेक याच प्रश्नाला अडत असावीत.

“घरी विचारलंत का, सर? मॅडमना चालणार आहे ना? त्यांना विचारून घ्या, मी थांबते.”

विचारलंय म्हणून त्याला ठोकून देता आलं असतं. पण वडील आईला विचारल्याशिवाय साधा पंखा बदलत नसत. धाकट्यानं पुन्हा घसा खाकरला आणि आईकडे बघितलं.

“काय गं,” तो म्हणाला, “निघू का मी?”

आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ते तिनं पुसलं नाही. धाकट्याकडे बघितलंही नाही. टेबलापाशी आली आणि फोनवर वाकून अगदी शांतपणे म्हणाली,

“निघा तुम्ही. माझी काळजी करू नका, मी धाकट्याकडे जातेय.”