चढावर सोडते

दिपमालाबाईंच्या पत्राला अभिमन नानांनी उत्तर दिलं नव्हतं, त्याला सहा वर्षं झाली होती.

तेव्हा जळगावच्या एका साप्ताहिकात ते वाहनांविषयीच्या शंकांना उत्तरं देत. तंत्रशाळेच्या ग्रंथालयात तीस वर्षं काढलेला माणूस. गाड्या त्यांना पुस्तकांतून ठाऊक; हाताला तेल कधी लागलं नाही. म्हणून प्रत्येक उत्तर ते तीनदा तपासत, आणि तरी शंका उरली तर पाठवतच नसत.

पत्र पिंपळनेरचं होतं. ऑटोमॅटिक गिअरची जुनी गाडी. इंजिन मिसिंग करतं, मधेच ठोका गाळतं. गिअरचं लाल ऑइल काळं पडलंय, करपल्याचा वास येतो. 'आमचे मालक दर गुरुवारी चरणमाळ घाटातून नवापूरला जातात. ऑइल किती उतरल्यावर गाडी चढावर गिअर सोडते, ते कळवावं.'

मिसिंग आणि ऑइल हा एकच बिघाड की दोन वेगळे, हे नानांचं ठरेना. पत्र वहीत राहिलं. चार महिन्यांनी बातमी वाचली: घाटात चढावर गाडी मागे घसरली, पिंपळनेरचे भिकन नावाचे व्यापारी जागीच गेले. बातमीतलं आडनाव पाकिटावरचंच.

नानांनी सदर सोडलं. माफी मागायला जायचं धाडस मात्र या उन्हाळ्यात झालं. धुळ्याला बस बदलून ते पिंपळनेरला उतरले, तेव्हा शनिवारची दुपार होती.

अंगणात तीच गाडी उभी होती. पत्रा नवा, रंग नवा.

"घाटातून आणून दुरुस्त केली," दिपमालाबाई म्हणाल्या. "घ्यायला कोणी तयार होईना."

"तुमच्या पत्राला मी..."

"तुम्ही उत्तर पाठवलं नाही, नाना. झालं ते झालं. चहा घ्या."

त्यांचे दुसरे यजमान प्रेमराज बाहेर आले. दोन वर्षांपूर्वी लग्न झालेलं. गडगडाटी हसणारा माणूस.

"या नाना! गाडीना डाक्टर उनात का? लोके म्हंतस गाडीमा भूत शे." त्यांनी चहाचा घोट घेतला आणि बाकीचा तसाच अंगणात फेकला. "पानी शे हाई. दुसरा आन."

दिपमालाबाईंनी कप उचलला.

प्रेमराजांनी इंजिन चालू केलं. तीन ठोके आणि मग एक गाळलेला. पुन्हा तीन, पुन्हा एक गाळलेला. नानांनी गिअरच्या ऑइलची पट्टी ओढून पाहिली. ऑइल खालच्या खुणेपाशी. काळं. करपल्याचा वास. पत्रातली ओळ त्यांना शब्दन् शब्द आठवली.

"ऑइल कधी बदललं?"

"होळीले. नवंकोरं, लाल."

नाना गुडघ्यांवर बसले, गाडीखाली वाकले. जमीन कोरडी. पाइप कोरडे, चेंबरही बाहेरून कोरडा.

"गळती कुठेच नाही," ते पुटपुटले. "मग ऑइल जातं कुठे?"

"भिकननं भूत पेस व्हई!" प्रेमराज खदखदून हसले. "हिले इचारा. हाईच रोज पट्टी काढीसन दखस. मन्हापेक्षा हिले गाडीनी काळजी. दर गुरुवारले मी बी नवापूरले जास ना."

"ही गाडी घाटात नेऊ नका," नाना म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. "निदान या गुरुवारी तरी."

"मंग काय तुम्हना खांद्यावर बसीसन जाऊ का, नाना?"

दिपमालाबाई त्यांना बसस्टँडपर्यंत सोडायला आल्या. बस लागल्यावर म्हणाल्या, "ते कुणाचं ऐकत नाहीत. तुम्ही मलाच लिहून पाठवा. फोनवर माझ्या लक्षात राहत नाही. किती उतरल्यावर सोडते, ते आधी लिहा."

"लिहितो. या वेळी नक्की लिहितो."

"गुरुवारच्या आत मिळालं तर बरं."

जळगावात, मेहरूणच्या घरी नानांनी सगळी पुस्तकं जमिनीवर पसरली. एक माणूस त्यांच्या शंकेखोरपणामुळे गेला होता. दुसरा अजून हसत होता. रविवारभर ते उठले नाहीत. मिसिंग प्लगचं, ऑइलचा बिघाड वेगळा, हे प्रथमच लख्ख दिसलं. पट्टीवर ऑइल किती खाली गेलं की गिअर धरत नाही, किती चढ लागला की गाडी मागे येते, सगळं आकड्यांत मांडलं. ती ओळ त्यांनी दोनदा अधोरेखित केली. एकदाही खोडलं नाही.

सोमवारी सकाळी त्यांनी पाकीट स्पीड पोस्टाने पाठवलं आणि पोस्टाच्या पायरीवरूनच फोन लावला.

"पत्र टाकलं, ताई. बुधवारी मिळेल. आता शंका राहिली नाही."



"बरं झालं, नाना," दिपमालाबाई म्हणाल्या. "मागच्या वेळी ऑइल अंदाजानेच काढावं लागलं होतं मला."